मुंबईच्या उकाड्यात टिकणाऱ्या गमी

जिलेटीन हा थंड हवेतला पदार्थ आहे, हे मे महिन्यात परळला राहणाऱ्या कुणालाही पटेल. जिलेटीनची जेली तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान पातळ व्हायला लागते. तोंडात टाकल्यावर ती विरघळते ती यामुळेच, आणि यामुळेच आमच्या ओट्यावर दुपारी दोन वाजेपर्यंत तिचं बशीभर सरबत होतं. बाजारातल्या गमी, म्हणजे त्या चिवट जेलीच्या गोळ्या, तशा वितळत नाहीत. त्यांत जिलेटीन भरपूर असतं, ग्लुकोजचा घट्ट पाक असतो आणि कारखान्यात त्या मक्याच्या पिठात उमटवलेल्या साच्यांत ओतून चांगल्या दिवसभर वाळवलेल्या असतात. घरी हे सगळं कोण करणार? म्हणून नेटवर सापडणाऱ्या पाककृती वाचून 'जिलेटीन घालून फ्रिजमध्ये ठेवा' एवढंच करणाऱ्या मुंबईच्या मैत्रिणींना मी सांगते, फ्रिजमधून ताटात आणि ताटातून तोंडात हा प्रवास पाच मिनिटांत उरकणार असेल तरच त्या वाटेला जा.

मला हा नाद लागला नातीमुळे. तिला पाकिटातली रंगीत अस्वलं लागतात. ही अस्वलं मूळची जर्मनीची. बॉन शहरातल्या हान्स रीगल नावाच्या माणसाने १९२० मध्ये हारिबो कंपनी काढली आणि १९२२ मध्ये नाचरं अस्वल बाजारात आणलं. तेव्हापासून जगभरच्या पोरांना अस्वल खायचं असतं ते एका विशिष्ट चिवटपणाने, दातांशी झोंबाझोंबी करतच. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या जैन मुलाची. तो पाकीट हातात घेतो, उलटं करतो, चौकोनातला तपकिरी त्रिकोण शोधतो आणि दिसला की निमूटपणे पाकीट परत देतो. जिलेटीन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात, हे त्याला नीट माहीत आहे. आम्ही मासळी खाणारी माणसं, सुक्या बोंबलाचा वास आमच्या भिंतींनाही लागलेला असेल, त्यामुळे जिलेटीनशी माझं काही वैर नाही. पण नातीच्या वाढदिवसाला बिल्डिंगमधली निम्मी पोरं खाऊच्या ताटाभोवती फिरून कोरडी परत जावीत हे मला बघवत नाही.

आणि मला जिलेटीनऐवजी चालणारं अगर येतं. येतं म्हणजे, माझी सगळी नोकरी इथल्याच एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये गेली आणि त्यातली कित्येक वर्षं मी जंतू वाढवायच्या प्लेटा ओतत होते. लिटरमागे १५ ग्रॅम अगर, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या मोठ्या कुकरमधून, काढायचं, पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत निवू द्यायचं, मग ओतायचं. थर्मामीटर कुणी लावत नसे. फ्लास्क मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचा. चटका बसला तर थांबायचं, सोसवला तर ओतायचं. त्याच्याहून गार झालं की फ्लास्कमध्येच गोळे धरायला लागतात आणि मग सगळं पुन्हा उकळा. वाणी ज्याला चायना ग्रास म्हणतो आणि फालुद्याच्या सामानाशेजारी सब्जाबरोबर टांगून ठेवतो, ते हेच अगर. लाल समुद्री शेवाळापासून काढलेलं. निवृत्त झाल्यावर लालबागच्या मसाला गल्लीत ते पांढरं चुरमडलेलं पाकीट हातात घेतलं तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखं झालं.

खरं तर अगर लॅबमध्ये गेलंच मुळी स्वयंपाकघरातून. ही गोष्ट मी नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगत असे, तर तुम्हालाही सांगते. १८८१ च्या आसपास बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करायला गेले. तेव्हा जंतू वाढवायला जिलेटीन वापरत. उन्हाळा आला की ते पातळ व्हायचं, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे, म्हणजे घट्ट थराचं पाणी करायचे. हेस वैतागले. त्यांची बायको फॅनी त्यांना प्रयोगशाळेच्या कामात मदत करायची, त्यांच्या निबंधांसाठी चित्रंही काढायची. तिच्या घरच्या जेली आणि पुडिंगं उन्हाळ्यातही टिकतात कशी, असं नवऱ्याने विचारलं, तर ती म्हणाली की मी अगर घालते. तिचं लहानपण न्यूयॉर्कमधलं. तिथे जावाहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून तिच्या घरात ही युक्ती आली होती. जावा म्हणजे आपल्यासारखीच दमट, उकाड्याची जागा, तिथल्या बायकांना जिलेटीन काय कामाचं! कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अगरचा उल्लेख केला, हेस नवरा-बायकोंचा मात्र केला नाही. पेट्री साहेबांनी १८८७ मध्ये झाकणाची काचेची बशी सुचवली, तर त्या बशीला त्यांचं नाव लागलं. बशीतल्या मालाला फॅनीबाईंचं नाव कुणी दिलं नाही. असो.

स्वयंपाकघरात या सगळ्याचा उपयोग असा की अगर विरघळायला जवळजवळ उकळी लागते, पण घट्ट होतं ते चाळीस-पस्तीस अंशांच्या मध्येच कुठेतरी. आणि एकदा घट्ट झालं की परत पातळ व्हायला त्याला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवावं लागतं. म्हणजे मे महिन्यात, फ्रिज बंद पडलेला असताना, पंख्याखाली ठेवलेल्या थाळीतसुद्धा ते आपसूक घट्ट होतं आणि शाळेच्या डब्यात दुपारपर्यंत तसंच राहतं. मुंबईसाठी याहून सोयीचं काय असणार?

आता कोकमाच्या गमी. माझ्या हातच्या सगळ्यांत चांगल्या याच होतात, म्हणून त्या सविस्तर सांगते.

चायना ग्रासच्या पट्ट्यांचं दहा ग्रॅमचं एक पाकीट कात्रीने बारीक कापून अडीचशे मिली पाण्यात अर्धा तास भिजत घालायचं. तेवढ्यात दुसरीकडे मूठ-दीड मूठ आमसुलं गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून दीडशे मिली दाट रस काढायचा. आमसुलं घेताना दुकानदाराला मीठ कमी असलेली मागायची, आणि एक चाखून घ्यायचं, लाजू नये. बाटलीतला आगळ वापरू नका, त्यातलं मीठ गमीत फार पुढे येतं. एप्रिल-मेमध्ये दादरच्या बाजारात ताजे रातांबे मिळाले तर देव पावला, तो रंग आमसुलांना येत नाही.

भिजलेलं चायना ग्रास त्याच पाण्यासकट मंद गॅसवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. सुरुवातीला शेवयांसारखे धागे दिसतात, मग ते विरतात, आणि शेवटी चमचा उचलून उजेडात धरला तर एकही कण दिसत नाही. इथे घाई नको. अगर पुरतं विरघळल्याशिवाय साखर घालायची नाही, कारण साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि राहिलेले कण मग कितीही उकळलं तरी विरघळत नाहीत. चमचा स्वच्छ दिसला की दोनशे ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज. हे ग्लुकोज केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. त्याने साखरेचे खडे धरत नाहीत आणि गमी थोडी लवचिक होते. तीन-चार मिनिटं उकळून गॅस बंद.

रस आता घालायचा, आधी नाही. आंबट रसाबरोबर अगर उकळलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि मग घट्ट होतो तो नुसता लिबलिबीत चिखल. लॅबमध्येसुद्धा आम्ल घातलेलं अगर ऑटोक्लेव्ह करायचं नाही, ही पहिली शिकवण असे. आणि रस घालायचा तो कोमट करून. फ्रिजमधला गार रस ओतलात तर ज्या जागी तो पडेल त्या जागी अगर तत्काळ गोठतं आणि मिश्रणात माशांची अंडी पोहत असल्यासारखं दिसतं. चवीला वाईट नाही, पण साच्यात भरता येत नाही. कोमट रस, चिमूटभर जिरेपूड, ढवळायचं, गाळायचं, वाटीला मनगट लावून बघायचं आणि ओतायचं.

साचे सिलिकॉनचे घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे अस्वलं, डायनोसॉर, हृदयं, जे हवं ते मिळतं. साचा नसेल तर तेलाचा हात फिरवलेली थाळी घ्यायची आणि वड्या पाडायच्या. पोरं नाराज होतात, पण खातात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर शिव्या नकोत. अगरची गमी रबरासारखी ताणली जात नाही. ती तुटते. दात लावला की टचकन दोन तुकडे होतात आणि मग रस सुटतो. पाकिटातल्या अस्वलाची चव मनात धरून खाल्लीत तर फसवणूक झाल्यासारखं वाटेल. नातीने पहिली खाल्ली तेव्हा ती म्हणाली, "आजी, हे अस्वल म्हातारं आहे." पण तिनेच मग उरलेली थाळी संपवली. माझं मत असं की पाकिटातल्या गमीला जी चव असते ती चिवटपणाची असते, फळाची नसते. लाल, हिरवी, पिवळी डोळे मिटून खाऊन बघा, ओळखता येतात का ते. अगर पटकन तुटतं म्हणून चव पटकन सुटते, आणि कोकमाचं कोकम लागतं.

कोकमानंतर शहाळ्याच्या. शहाळ्याच्या पाण्यात जवळजवळ आंबटपणा नाहीच, त्यामुळे अगर त्यात फार छान घट्ट होतं आणि काचेसारखं स्वच्छ राहतं. आतली मलई बारीक चिरून साच्याच्या तळाशी टाकते. साखर अगदी बेताची, एरवी शहाळं कुठे गेलं ते कळत नाही. हापूसचं मात्र उलट. आमरस गरम केला की त्याचा वास जातो आणि डब्यातल्या रसासारखा शिजका दर्प येतो, म्हणून पाकातलं अगर चांगलं निवू द्यायचं, हाताला सोसेल इतकं, आणि मग खोलीच्या तापमानाचा आमरस घालून झटपट ओतायचं. मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे कोमटच असतं, तेवढा एक फायदा. कैरीला शिजवणं भागच आहे, कारण उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याचीच ती चव, वर वेलची आणि दोन काड्या केशर. गूळ घातलात तर रंग मळकट होतो, चव पक्की लागते. मी गूळच घालते.

अननसाला इथे एक खास मान आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटीन हे प्रथिनच. म्हणून ताजा अननस घातलेलं जिलेटीन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पाणीच मिळणार. कच्ची पपई, किवी, अंजीर, आणि आपलं आलंसुद्धा याच जातीचं. आम्ही जंतू ओळखायला जिलेटीनची नळी लावायचो, ज्या जंतूने ती पातळ केली तो अमुक जातीचा, नाही केली तर तमुक. अननस त्या चाचणीत पहिला नंबर काढेल. अगर हे प्रथिन नाही, त्यामुळे अननस त्याच्या केसालाही धक्का लावत नाही. म्हणून ज्यांना ताज्या अननसाच्या किंवा आलेपाकाच्या चवीच्या गमी हव्यात त्यांनी अगरच घ्यावं. आलेपाकाच्या मी हिवाळ्यात करते. आल्याचा रस वरून घालायचा, लिंबू पिळायचं आणि मिऱ्याची भरड पूड. खोकला बरा होतो असं मी म्हणणार नाही, पण खोकणारं पोर शांत बसतं.

आणि काला खट्टा. चौपाटीवरचा गोळा ज्याने खाल्लाय त्याला या गमीची ओळख करून द्यावी लागत नाही. जून लागला की पालघरकडची, बहाडोलीची टपोरी जांभळं बाजारात येतात. बिया काढून गर वाटायचा, गाळायचा, थोडा फ्रीझरमध्ये भरून ठेवायचा. काळं मीठ, जिरेपूड, लिंबू. यात साखर इतर गमींपेक्षा थोडी जास्त लागते, कारण जांभूळ जीभ आवळतं. मुलांच्या जिभा जांभळ्या होतात आणि ती एकमेकांना दाखवत फिरतात, अर्धं सुख त्यातच आहे.

आता पेरू. पेरूला अगर लावणं म्हणजे सधन माणसाला उसने पैसे देणं. पेरूत स्वतःचं पेक्टिन, म्हणजे फळातलंच घट्ट करणारं सत्त्व, भरपूर असतं. कवठात, कैरीत, आवळ्यातही असतं, पण पेरूचं पेक्टिन काढायला सर्वांत सोपं. पूर्वी शिवणक्लासांच्या जोडीने फळं टिकवण्याचेही वर्ग चालायचे, तिथे आपल्या आयांनी पेरूची जेली शिकलेली असायची. माझ्या आईच्या वहीत ती आहे, शाईचे डाग पडलेली. त्याच जेलीला थोडं जास्त आटवलं की गमी होते, एवढंच मी त्यात भर घातलंय.

किलोभर पेरू, त्यात अर्धे कच्चट. पूर्ण पिकलेल्या पेरूचा वास छान, पण पेक्टिन विरत गेलेलं असतं. कच्चटात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही असतात. बियांसकट चिरायचे, बुडतील इतकं पाणी घालायचं, अर्धा तास मंद शिजवायचे, मग पंच्यात बांधून टांगायचे. पिळायचं नाही. पिळलं की रस गढूळ होतो. मी रात्री नळाला पुरचुंडी टांगून ठेवते आणि सकाळी खालच्या पातेल्यात गुलाबीसर रस जमलेला असतो.

रसात पेक्टिन किती आहे ते बघायची एक जुनी चाचणी आहे. चमचाभर रस आणि तेवढंच स्पिरिट एका काचेच्या वाटीत हलक्या हाताने हलवायचं. मिनिटभराने एकसंध गोळा जमला तर पेक्टिन भरपूर. फुटके तुटके कण दिसले तर रस अजून आटवा किंवा कच्चे पेरू वाढवा. ती वाटी मोरीत ओतायची, चाखायची नाही, आणि पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही. आमचे हे म्हणतात की तू घराची लॅब केलीस. केलीच.

रस चांगला असेल तर एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर आणि लिंबाचा रस. आंबटपणा इथे चवीपुरता नसतो. पेक्टिनला घट्ट व्हायला भरपूर साखर आणि पुरेसं आम्ल, दोन्ही लागतात, एक जरी कमी पडलं तरी पाक नुसता पाकच राहतो. मोठ्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, फेस काढत आटवायचं. जेलीसाठी १०५ अंशांना थांबतात. गमीसाठी मी १०७-१०८ पर्यंत नेते. साखरेचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर चमचा आडवा धरून बघायचा. थेंब थेंब न पडता दोन थेंब एकमेकांत मिसळून पदर सुटला की जेली, आणि त्यानंतर आणखी थोडा वेळ. कोथरूडला राहणाऱ्या बहिणीला मी दोन अंश कमी सांगते, कारण पुणं उंचावर असल्यामुळे तिथे पाणीच अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. तिने आधी यावर वाद घातला, मग तिच्या थर्मामीटरने तिला गप्प केलं.

हे मिश्रण थाळीत ओतलं की हलवायचं नाही, फ्रिजमध्ये ढकलायचं नाही. रात्रभर ओट्यावर, वर जाळी. सकाळी वड्या कापून साखरेत घोळवायच्या. अगरच्या गमीत जो टचकन तुटण्याचा भाग आहे तो इथे नाही, ही मऊ आणि जराशी चिकट असते. माझ्या मते मोठ्या माणसांना ही जास्त आवडते. साखरेत लाल तिखट आणि मीठ मिसळून घोळवलीत तर शाळेबाहेरच्या गाडीवरच्या पेरूच्या फोडींची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

चिवटपणाच हवा असेल, दातांशी झोंबाझोंबीच हवी असेल, तर मुंबईत त्याची सोय हारिबोच्या आधीपासून आहे की नाही यावर इतिहासकारांनी भांडावं, पण सोय आहे. कराची हलवा खा. कॉर्नफ्लोअर, साखर, तूप, लिंबाचे दोन थेंब आणि अखंड घोटणं. मक्याचं सत्त्व पाकात शिजून पारदर्शक होतं आणि थंड झालं की रबरासारखं ताणतं. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी हलवायांनी तो इथे घरोघरी पोचवला, आणि बाहेरगावचे लोक त्याला बॉम्बे हलवा म्हणतात. आमच्या शेजारचं माहीम तर हलव्यासाठीच प्रसिद्ध, पण तो कागदात ठेवलेला पातळ पापुद्र्यांचा हलवा ही वेगळीच चीज, ती घरी करण्याच्या फंदात पडू नये. मी कराची हलव्याचं मिश्रण तूप निम्म्याहून कमी करून, कोकमाचा रस घालून, लहान साच्यांत थापलं. हे जैन मुलाचं सर्वांत आवडतं. तो म्हणतो, "आंटी, हा खरा गमी." माझ्या कोकमाच्या अगरला त्याने खरेपणाचं प्रमाणपत्र अजून दिलेलं नाही.

वाळवण्याबद्दल दोन शब्द, कारण खरी कसोटी तिथेच आहे. साच्यातून काढलेली अगरची गमी ओली असते. तिला तसंच डब्यात भरलं की दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी साचतं. अगर आपणहून थोडं पाणी सोडत राहतं, लॅबमधल्या प्लेटा म्हणूनच आम्ही उलट्या ठेवायचो. डिसेंबर-जानेवारीत ताटावर पातळ कापड टाकून पंख्याखाली ठेवली की दीड-दोन दिवसांत वरची त्वचा कोरडी होते आणि आतून मऊ राहते. जुलै-ऑगस्टमध्ये पंख्याचा उपयोग शून्य. हवेतच इतका ओलावा असतो की साखरेत घोळवलेल्या गमी तासाभरात पाझरायला लागतात. तेव्हा फ्रिज वापरायचा, तोही आपोआप बर्फ काढणारा. त्याच्या आतली हवा कोरडी असते. गमीचं ताट उघडंच वरच्या कप्प्यात ठेवायचं. एकच अट, त्या दोन दिवसांत फ्रिजमध्ये मासळी नको. सुकटीच्या वासाची शहाळ्याची गमी ही कल्पनाच करू नका.

आंबट साखर हवी तर चार चमचे साखरेत पाव चमचा लिंबूसत्त्व, दोन्ही मिक्सरमधून एकदा फिरवून. पण घोळवायचं ते खायच्या जरा आधी, आणि पावसाळ्यात त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर. लिंबूसत्त्व फार ओढ घेतं पाण्याची.

"साखर कमी करता येईल का" हा प्रश्न घरातल्याच एका मधुमेही गृहस्थांनी इतक्या वेळा विचारलाय की उत्तर इथेच लिहून ठेवते. अगरच्या गमीत येईल. अगरला घट्ट व्हायला साखर लागत नाही. पण साखर टिकवण्याचंही काम करते, ती कमी झाली की गमी फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवायला हवी, नाहीतर त्यावर बुरशी येते आणि बुरशी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. पेरूच्या गमीत साखर कमी करता येणार नाही. तिथे साखर काढली की पेरूचं सूप उरतं. त्या गृहस्थांनी एक खावी आणि उठावं.

चायना ग्रास उपासाला चालतं का, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. सासूबाईंचं म्हणणं, समुद्रातलं ते चालत नाही. त्या उपासाला मीठसुद्धा शेंदेलोण वापरतात, समुद्राचं नाही, तेव्हा त्यांचा मुद्दा त्यांच्या हिशोबात बरोबर बसतो. मी म्हटलं, शेवाळ म्हणजे वनस्पतीच की. त्या म्हणाल्या, "बोंबील पण तिथलेच ना?" यावर नव्वदीकडे झुकलेल्या बाईशी मी काय बोलणार! पेरूच्या गमीत मात्र पेरू, साखर आणि लिंबू यांशिवाय काहीच नाही, हे त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून खात्री करून घेतलंय. तेव्हा एकादशीला पेरूच्या, शेंदेलोण आणि तिखट लावून, आणि द्वादशीला कोकमाच्या, असा सध्या तह झालाय. महाशिवरात्रीला कवठाच्या करून बघ, असा हुकूम मिळाला आहे, आणि कवठात पेक्टिन कमी पडणार नाही.